कुठल्या पानावर?

ट्रेनिंग रूममध्ये मोगऱ्याचा स्प्रे मारलेला असायचा आणि त्याच्या खालून समोशाच्या तेलाचा वास यायचा. एसी चालू, खिडक्या बंद, आणि हे दोन वास एकमेकांत कालवलेले. अजूनही एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये तसा वास आला की मी ताट टाकून बाहेर येते. बरोबरच्या बायकांना वाटतं पित्त झालं असेल. पित्त नाही, तो आमच्या ऑफिसचा वाचनकट्टा आहे.

पळस्पे फाट्याच्या पुढे, बंदराच्या रस्त्याला, लोखंडी डब्यांचे डोंगर दिसतात ना, त्यातल्या एका यार्डाचं हे ऑफिस. बोटीतून उतरलेले डबे आमच्याकडे येतात, कागदपत्रं पूर्ण झाली की मालवाले येऊन घेऊन जातात. ती कागदपत्रं मी एकोणीस वर्षं तपासते आहे. डब्याचा नंबर, सीलचा नंबर, वजन, मालाची यादी, सगळं चारही कागदांवर एकसारखं हवं. जिथे नसेल तिथे लाल पेनाने गोल. त्याला आम्ही मिसमॅच म्हणतो. एका मिसमॅचपायी अख्खा ट्रक दिवसभर गेटवर उभा राहतो, ड्रायव्हर माझ्या नावाने खडे फोडतो, पण लाल गोल तो लाल गोल. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी घरी-दारी सांगत आले. विचुंब्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वीजबिलात घोळ झाला तरी लोक माझ्याच दारात येतात.

तर मुख्य ऑफिसातून फर्मान निघालं की स्टाफच्या मनावर ताण आहे, तो कमी करा. ताण होताच. यार्डात पिण्याच्या पाण्याचा एकच कूलर, तोही वर्षातले सहा महिने बंद. तीन माणसांचं काम दोघं करत होते. बायकांच्या टॉयलेटची कडी तुटलेली, आत जाताना कुणाला तरी दाराशी उभं करावं लागायचं. हे सगळं आम्ही लिहूनही दिलं होतं. त्यावर उपाय म्हणून आधी योगा आला. मॅनेजरसाहेब चटईवर आडवे झाले आणि उठता उठेनात. मग हास्याचं सेशन झालं, त्यात कुणाला हसू आलं नाही. आणि मग आली कादंबरी. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

पण खोटं का बोलू, मला आनंद झाला होता. मी लहानपणापासून वाचणारी. ऑफिसात डबा खाताना मी पुस्तक काढलं की लोक विचारायचे, कसली परीक्षा देताय? एकोणीस वर्षांत एकाही माणसाशी मी ऑफिसात कादंबरीवर बोलले नव्हते. आता बुधवारी साडेतीन वाजता, पगारी वेळेत, पुस्तकावर बोलायचं! पहिल्या बुधवारी मी ठेवणीतला ड्रेस घालून गेले, हे आठवलं की आज स्वतःचीच किळस येते.

कट्टा चालवणारी एचआरची मुलगी खारघरहून यायची. सव्वीस-सत्तावीसची असेल. बोलायला गोड, नखं सुंदर, आणि पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं. तिच्याकडे मोबाइलवर त्याचा सारांश होता. वीस प्रती मागवल्या होत्या, प्रत्येकीवर कंपनीचा शिक्का आणि नंबर. कादंबरी बारीकशीच होती. तालुक्याच्या डेपोतल्या एका एसटी ड्रायव्हरची गोष्ट, निवृत्तीच्या आधीची शेवटची फेरी. घाट चढता चढता त्याला न बोलणारी मुलगी आठवते, मेलेली बायको आठवते. गोष्ट साधी होती, पण लिहिणाऱ्याने मन लावून लिहिली होती.

त्या पुस्तकाचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. बिलिंगमधला एकजण जिभेला बोट लावून पान उलटायचा, आणि त्या जिभेवर सकाळपासूनचा गुटखा. पानांच्या कडांना तांबूस डाग पडत गेले. दुसऱ्याने समोसा ठेवायला प्लेट नाही म्हणून पुस्तकच पुढे केलं. ड्रायव्हरची बायको जाते त्या पानावर हिरव्या चटणीचा ओघळ होता. मी रुमालाने पुसायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या हो मॅडम, कंपनीचं आहे." मॅनेजरसाहेब फोटोपुरते यायचे, पुस्तक छातीशी धरायचे, एकदा तर उलटं धरलं होतं.

आणि चर्चा? "हा ड्रायव्हर आपल्याला पॉझिटिव्ह राहायला शिकवतो," एक म्हणायचा. "टाइम मॅनेजमेंट शिकवतो," दुसरा. एचआरची मुलगी पिवळ्या चिठ्ठ्यांवर ते लिहून भिंतीला चिकटवायची आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. म्हातारा माणूस बायकोच्या आठवणीने रडतोय आणि हे त्यातून टाइम मॅनेजमेंट काढतायत. मला उठून जावंसं वाटायचं. गेले नाही, कारण त्या खोलीत पुस्तक खरं वाचलेली मी एकटी होते, आणि ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटत होतं.

एक नियम मात्र तिने पहिल्याच दिवशी सांगितला होता. "गाइज, स्वतःबद्दल बोलायचं प्रेशर नाही. कॅरेक्टरबद्दल बोला. कॅरेक्टरच्या आडून बोललं की मन आपोआप मोकळं होतं. आणि या खोलीतलं या खोलीतच राहणार, प्रॉमिस." तिने गळ्याला चिमटा काढून शपथही घेतली होती. सगळे हसले होते.

दाराजवळच्या खुर्चीत आमचे एक ऑपरेटर बसायचे. करंजा गावचे कोळी, पन्नाशी ओलांडलेले. भाऊ अजून बोटीवर जातो, हे मात्र यार्ड सुरू झाल्यापासून इथे, डबे उचलून एकावर एक रचणाऱ्या मोठ्या मशीनवर. एवढं मोठं धूड, पण हे असं चालवायचे की खाली उभ्या माणसाला धक्क्याचा आवाजही येऊ नये. मला ते ताई म्हणायचे, मी त्यांना दादा. पावसाआधी न चुकता माझ्यासाठी सोडे आणि सुके बोंबील आणायचे, तेही तीन पिशव्यांत बांधून, ऑफिसात वास सुटून मला कुणी बोलू नये म्हणून. एकदा कूलर बंद असताना स्वतःची पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेले होते. आमच्यातलं नातं इतकंच, पण एकोणीस वर्षांचं.

चार बुधवार ते काहीच बोलले नाहीत. समोसा घ्यायचे तोही कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे, पुस्तकाला हात लावण्याआधी हात पँटला पुसायचे. पाचव्या बुधवारी मुलीने विचारलं, "आज ड्रायव्हरच्या भीतीबद्दल बोलू या का? कोण शेअर करेल?" आणि दादांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी बोलू का, मॅडम?"

"येस काका, प्लीज!"

ते उभे राहिले. पुस्तक उजव्या हातात होतं, डावा हात खिशात. "तो डायवर हाय ना, तो घाटात गाडी घालतो तवा त्याचा डावा हात बधिर पडतो. हात स्टेरिंगवर हाय का नाय तेच समजत नाय त्याला. आनि डोल्यांसमोर सगला पांढरा व्हतो. एकच क्षन. मंग परत दिसतं." कुणीतरी समोशाचा कागद चुरगळला. "मागं एवढी मानसा बसलेली. त्यानं घरी सांगितला नाय, डेपोत पन नाय. मना इचारायचा व्हता, त्यानं काय करायला पायजे? सायबाला सांगायला पायजे, का गप बसायला पायजे?"

पाच बुधवारांत त्या खोलीत विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता. मला तो ऐकू आला नाही. मला ऐकू आला मिसमॅच.

"पण दादा, हे पुस्तकात कुठे आहे?" मी म्हटलं. "कुठल्या पानावर?"

लोक हसले. दादांनी पुस्तक उघडलं, दोन-चार पानं उलटली. "आसंल ना ताई, मागं कुठंतरी."

"नाही. मी तीनदा वाचलंय. त्याचा हात कुठेही बधिर होत नाही. डोळ्यांसमोर पांढरं वगैरेही काही नाही. घाटात त्याला फक्त मुलगी आठवते." वर आणखी मान वळवून सगळ्यांकडे बघितलं मी. या अडाण्यांत एक तरी वाचणारी आहे, हे कळावं म्हणून.

दादा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. कुणी आपलं दार उघडं टाकून गेलं की माणूस जसं आधी दाराकडेच बघतो, तसं. मग ते खाली बसले. आणि तेवढ्यात एचआरच्या मुलीचं पेन थांबलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिने मोबाइलवरून मान वर करून एका माणसाकडे नीट बघितलं, आणि गोड आवाजात विचारलं, "काका, तुम्ही कोणतं मशीन चालवता?"

तेव्हा मला कळलं. पण मी काय केलं? टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

सोमवारी त्यांना वर बोलावलं. मशीनची चावी काढून घेतली, तपासणीला पाठवलं. मानेतली शीर दबली होती, दोन महिने आराम आणि व्यायाम केला तर सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिने! आमच्याकडे लोक बहिणीच्या दिराच्या लग्नाला महिनाभर रजा काढतात. पण आता कागदावर "मशीन चालवताना दिसेनासं होतं" असं आलं होतं, आणि कागद एकदा वर गेला की खाली येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? गेटवर जागा नाही म्हणाले. गोदामात नाही म्हणाले. शेवटी एका कागदावर त्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडल्याची सही केली. स्वेच्छेने. हा शब्द लिहिताना त्या लोकांच्या बोटांना काही चिकटत कसं नाही?

मी मुलीकडे गेले. म्हटलं, "तू शपथ घेतली होतीस. या खोलीतलं या खोलीतच."

ती गोंधळली. वाईट मुलगी नव्हती ती, हेच तर घाण आहे. "मॅम, पण सेफ्टी इश्यू होता ना. खाली कुणावर डबा पडला असता तर?" आणि मग, अगदी मनापासून, "आणि अ‍ॅक्च्युअली, पकडलं तर तुम्हीच ना. मला तर ते बुकमधलंच वाटलं होतं."

तिला ते बुकमधलंच वाटलं होतं. पुस्तक न वाचलेल्या त्या मुलीच्या हातून दादा सुटले असते. पुस्तक वाचलेल्या बाईच्या हातून नाही सुटले.

सेफ्टीचं म्हणाल तर ते खरंच आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर पांढरं होतं त्याने ते मशीन चालवू नये. कितीतरी दिवस मी हे वाक्य साबणासारखं वापरलं. भांडी घासताना, रिक्षाची वाट बघताना, स्वतःला सांगायचे की कुणाचा तरी जीव वाचला. पण हात धुतल्यावरही वास जात नव्हता. कारण दादांनाही तेच म्हणायचं होतं. मागे माणसं बसली आहेत, हे त्यांनीच सांगितलं होतं. काय करायला पाहिजे, एवढंच विचारत होते. मी त्या दिवशी गप्प बसले असते आणि चहाच्या वेळी जिन्यात गाठून म्हटलं असतं, "दादा, उद्याच डॉक्टरकडे जा, आणि भावाच्या बोटीचं कारण सांगून दोन महिने रजा टाका," तर ते आज मशीनवर असते. रजेचा अर्ज मीच लिहून दिला असता. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यांची सही झाली त्यानंतरच्या बुधवारी कट्टा नेहमीसारखा भरला. तोच मोगरा, तोच समोसा. दाराजवळच्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. मुलीने पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की आपल्या उपक्रमामुळे एका सहकाऱ्याचा त्रास "वेळेत लक्षात आला" आणि मुख्य ऑफिसने त्याची दखल घेतली आहे. मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली. मग मला पुढे बोलावलं. सगळ्यात मन लावून वाचणारी म्हणून चहाचा एक मग दिला, वर हसरा पिवळा चेहरा छापलेला, आणि पुस्तकांची जबाबदारीही दिली. वीस प्रती आता माझ्या नावावर.

मी तो मग घेतला. थँक यू म्हटलं. फोटोत हसलेसुद्धा. तो फोटो कूलरच्या वर लावला आहे, त्याच्या शेजारी पहिल्या बुधवारचा, खाली लिहिलंय की वाचनाने माणसं जवळ येतात. पहिल्या बुधवारच्या फोटोत दादा आहेत, पुढच्या रांगेत, दोन्ही हातांनी पुस्तक धरून. तो काढून टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या मगातून मी चहा प्यायचा प्रयत्न केला, एकदाच. प्लास्टिकसारखी चव आली. आता त्यात पेनं ठेवते, लाल पेनंही.

तीन आठवड्यांनी दादा शेवटचे कागद पुरे करायला आले. नोकरी सोडणाऱ्याला एक फॉर्म घेऊन टेबलाटेबलावर फिरावं लागतं. हेल्मेट जमा, बूट जमा, ओळखपत्र जमा. त्यात नवीन ओळ छापली होती, वाचनकट्ट्याचं पुस्तक जमा. त्या ओळीपुढे सही माझी.

इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डावा हात खिशात नव्हता, बाजूला लोंबत होता. म्हणजे आता लपवायचं काही उरलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, पोरांच्या शाळेच्या पुस्तकांना घालतो तसं, कोपरे दुमडून. माझी सोडली तर वीस प्रतींतली ती एकच प्रत किळस न येता हातात घेता येत होती. आतलं पान स्वच्छ, शिक्का, नंबर अकरा. फॉर्मवर नंबर अकरा. कर्मचारी कोड बरोबर, नाव बरोबर, तारीख बरोबर. मी सगळं दोनदा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकलेलं निघावं, म्हणजे यांना अजून एक दिवस थांबवून ठेवता येईल. पण सगळं जुळत होतं.

"बसा ना दादा," मी म्हटलं.

"नको, गेटवर पास द्यायचाय." ते उभेच राहिले. मग कव्हरवर बोट ठेवून म्हणाले, "सगला वाचला मी, ताई. दोनदा वाचला. बायकोला पन वाचून दाखवला. तुमी बोललात ते बरोबर व्हता. त्यात नाय हाय तसा."

"दादा..." मी सही केली. मग एवढंच म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. सांगायला पाहिजे की गप्प बसायला पाहिजे. मी उत्तर दिलं नाही."

दादांनी फॉर्म उचलला, सहीवर फुंकर मारली, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला.

"दिलात की, ताई," ते म्हणाले. "तवाच दिलात."

आणि गेटकडे गेले.